चाळिसावं घर

प्रिय आई, आणि हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या वन्सं,

आधी वन्संना दोन शब्द. वन्सं, वाचताना मधली वाक्यं गाळायची तुमची सवय आईंना आणि मला, दोघींनाही ठाऊक आहे. बँकेची पत्रं तुम्ही अशीच 'काही विशेष नाही' म्हणून संपवता. या पत्राला तो न्याय लावू नका. कंटाळा आला तर पाणी प्या, पण ओळ न ओळ वाचा. जिथं तुमची चेष्टा केली आहे तिथंही आवाज बारीक करू नका. आणि शेवटी मी थांबा म्हणेन तिथं थांबा. ते का, हे तुम्हाला माहीत आहे, आईंना नाही. इतके दिवस ते पोटात ठेवणं तुम्हाला किती जड गेलं असेल याची मला कल्पना आहे.

आई, मी बरी आहे. बरी म्हणजे दमलेली. आजारी नाही, दुःखी नाही, नुसती दमलेली. शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात गणवेशांचे ढीग उपसताना तुम्ही असायचात तशी, की जेवायला बसलं तरी पाय मशीन चालवत असल्यासारखे हलत राहतात. खोली तीच आहे, चौथ्या मजल्यावरची. खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरून गेलेले पाण्याचे पाइप. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातली आहे. हल्ली दुपारी काम करता करता मी मध्येच उठते आणि त्या भिंतीकडे बघत उभी राहते. केस पुढून पांढरे झाले, रंगवायचा कंटाळा केला. स्वयंपाक रोज करते असं लिहिणार होते, पण वन्संना माझं खोटं पहिल्या ओळीत कळतं.

वन्संनी कळवलं की तुम्ही कॉम्प्युटरला जोडून बोटांनी वाचायची ती ब्रेलची पट्टी कपाटात ठेवून दिलीत. आधी डोळे गेले, आता बोटंही गेली, जे जाईल त्याला जाऊ द्या, असं म्हणालात म्हणे. कॉम्प्युटरचं नवं मशीन घरात आलं त्याच सुमारास डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं. साखरेनं बोटं बधिर होतात हे तुम्ही शेजारणीकडून आधीच ऐकून ठेवलेलं. मग ओळीच्या टोकाशी पोचलं की बोटाला काही लागेना. कधी लागायचं, कधी नाही. पुढं पुढं मधल्या अक्षरांवरही शंका येऊ लागली, एकेक ओळ चारदा चाचपावी लागू लागली. वन्संनी पट्टीची तपासणीची कळ दाबून पाहिली, तर सगळ्या घरांतले सगळे ठिपके झकास वर आले. म्हणजे पट्टी ठणठणीत. राहिलं काय, तर बोटं. तुम्ही अर्धी राहिलेली कादंबरी बंद केलीत, रेडिओ पुरे म्हणालात, आणि आता तुमच्या वाचायच्या खुर्चीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतो. आई, डोळे गेल्यावर कितीतरी दिवस तुम्ही कोणाशी धड बोलत नव्हतात. भिंतीकडे तोंड करून बसायचात. त्या पट्टीनं तुम्हाला माणसांत आणलं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून ती कपाटात गेली हे वाचून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. हे पत्र त्याच्याबद्दलच आहे, पण मला जरा वळसा घेऊन तिथं येऊ द्या. सरळ सांगितलं तर तुम्ही ऐकणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

माझ्या नोकरीचं तुम्हाला पहिल्या दिवसापासून कौतुक, आणि ती कसली हे पहिल्या दिवसापासून न कळलेलं. लग्नानंतर महिन्याभरात तुम्ही अख्ख्या गल्लीला सांगितलंत की सून एका कर्नलच्या हाताखाली आहे. कोपऱ्यावरचा सायकलवाला मला बघून सलाम ठोकायला लागला तेव्हा मला त्याचा उलगडा झाला. कर्नल नव्हे हो, कर्नेल. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा. पडद्यावर दिसतं तो सगळा दर्शनी भाग. आत एक कारभारी बसलेला असतो. कोणाला किती जागा द्यायची, कोणाची पाळी कधी, कुठलं यंत्र कुठल्या तारेला लावलंय, सगळं तो बघतो. तो चुकला की घरच बसलं. हा गाभा जगभरची माणसं मिळून लिहितात, कोणी पगारी, कोणी हौशी, आणि आपापल्या दुरुस्त्या एकमेकांना मेलवर पाठवतात. त्या दुरुस्तीला आमच्यात ठिगळच म्हणतात, खरंच सांगते. ठिगळाचं काम आलं की तुम्ही नाक मुरडायचात, आणि मी इतकी वर्षं ठिगळांवर पोट भरते आहे.

त्यातही माझ्या वाट्याला एकच ठिगळ आलं, अक्षरांच्या नकलेचं. एका जागी लिहिलेलं नाव दुसऱ्या जागी उतरवायचं, बस. गाभ्यात अक्षरं माळेसारखी ठेवतात, एका अक्षराला एक घर, आणि माळ संपली की पुढच्या घरात एक शून्य. ते शून्य म्हणजे गाठ. वाचणारा गाठ लागेपर्यंत वाचत जातो. जुन्या लोकांनी नकलेसाठी जी आज्ञा करून ठेवली तिची खोड अशी, की अक्षरं आणि घरं बरोब्बर सारखी निघाली तर ती गाठ मारतच नाही. मग वाचणारा थांबणार कसा? तो भिंत ओलांडून शेजाऱ्याच्या घरात शिरतो आणि तिथं जे पडलं असेल ते, कोणाचा पासवर्ड, कोणाची खाजगी किल्ली, मोठ्यानं वाचत सुटतो. (वन्सं, हे तुम्हाला उद्देशून नाही.) चोरांचं फावतं ते अशाच ठिकाणी. म्हणून नवी, सुरक्षित आज्ञा आली. ती आधी एक घर गाठीसाठी राखून ठेवते, उरलेल्या घरांत मावेल तेवढंच उतरवते, आणि सगळं मावलं नाही तर तसं स्वच्छ सांगते. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा तुमची आठवण झाली. पोर वर्षभरात वाढणार म्हणून तुम्ही गणवेशाच्या शिवणीत आतून बोटभर कापड राखायचात. शिवणकामात त्याला माया म्हणतात, हे मला तुमच्याकडे आल्यावर कळलं. कापड कितीही तुटपुंजं असो, मायेत हात आखडायचा नाही, हा तुमचा नेम. ही तशीच एका घराची माया. मी मनातल्या मनात त्या नव्या आज्ञेला तेच नाव ठेवून दिलं.

ऐकायला पोरखेळ वाटतो. जुनी दिसेल तिथं काढा, नवी घाला. पण जुनी आज्ञा शेकडो ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी मूळ लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते ओळखावं लागतं. तो कधी निवृत्त झालेला असतो, कधी हयात नसतो, कधी भलत्याच धंद्यात गेलेला असतो. कारण सगळीकडे माळ नसतेच. काही ठिकाणी नुसते खण असतात, मोजून तेवढे, आणि खणांना गाठ नको असते. पुढचं यंत्र स्वतः मोजून तेवढेच खण उचलतं. तिथं माया राखली तर एक अक्षर दाराबाहेर उभं राहतं. पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तशी आमच्यातल्या पुष्कळांची गत झाली आहे. सुरक्षित म्हटलं की पुढचं बघायचं नाही. मग मी एकेक जागा वाचते, मेल लिहून विचारते, वाट बघते, पुन्हा विचारते. उत्तर आलंच तर ते माझ्या स्वल्पविरामाबद्दल असतं. आमच्यात एक बुजुर्ग आहेत, त्यांना मी 'इस्त्रीवाले' म्हणते. दुनिया बुडाली तरी ओळींच्या डाव्या कडा सरळ हव्यात एवढंच त्यांचं मागणं. आई, मोठ्या कामानं आलेला थकवा झोपून उठलं की उतरतो. तोच तो टाका घालून येतो तो हाडांत बसतो. काजं करणाऱ्या बायका तुमच्याकडे वर्षभरही टिकायच्या नाहीत, त्या काही पगारावरून जात नसत.

परवा असंच बसल्या बसल्या तुमचे डोळे जायला लागले ते दिवस आठवले. तुम्ही किती दिवस कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. दोरा जिभेनं ओला करून, सुईचं नेढं बोटानं चाचपून ओवायचात. गिऱ्हाइकाला म्हणायचात, आज उजेड कमी आहे. आमच्या लक्षात आलं तेव्हा आम्ही काय केलं? मी म्हणाले नंबर वाढला असेल. वन्सं म्हणाल्या, थकवा आहे. डॉक्टर म्हणाले, थेंब घाला. आणि सगळ्यांत जास्त तुमचे चिरंजीव म्हणत राहिले की चष्मा बदलला की सगळं ठीक होईल. मग एका सकाळी तुम्ही एका शर्टाला उजव्या बाहीच्या जागी डावी बाही लावलीत, गिऱ्हाइकाच्या पोरानं तो अंगात घातल्यावर सगळे हसले, तुम्हीही हसलात, आणि तो गेल्यावर कात्री टेबलावर ठेवून दिलीत. तुम्ही सगळे खोटारडे, म्हणालात. प्रेमानं बोललं म्हणून खोट्याचं खरं होत नाही. त्या दिवसापासून कोणाच्या दिलाशावर विश्वास ठेवायचा नाही असा कानाला खडा लावलात तुम्ही, आणि मला त्यात तुमची चूक कधी दिसली नाही.

ती पट्टी आपल्या घरात आली ती एका बंद झालेल्या कचेरीच्या भंगारातून. हातभर लांब, काळी, एका कोपऱ्यावर टवका उडालेला. चाळीस घरं, प्रत्येक घरात खालीवर होणारे बारीक ठिपके. कॉम्प्युटरवरची ओळ तिच्यावर उमटली की बोटांनी वाचायची. पण ती बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली, आणि कुठल्याच मशीनला तिची भाषा येईना. तुमच्या चिरंजीवांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिच्यासाठी प्रोग्राम लिहिला. तुम्ही तोवर जाड कागदावर ब्रेल शिकत होतात, चिडत, ज्यानं ते शोधून काढलं त्याचा उद्धार करत. पहिली ओळ त्यानं पाठवली, 'आई भूक लागली'. तुम्ही बोट फिरवलंत, पुन्हा फिरवलंत, आणि म्हणालात, मेल्या, मला वाटलं काहीतरी मोठं लिहिलं असशील. मग तिघंही हसत सुटलो. त्यानंतर तुम्ही ती पट्टी सोडेचनात. तुम्ही आणि वन्सं एकच रहस्यकथा वाचायला घ्यायचात आणि वन्सं निम्म्यात असताना तुम्ही खुनी कोण ते जेवताना सांगून टाकायचात. आंधळ्याच्या गाई देव राखतो, माझी पुस्तकं माझा मुलगा राखतो, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात. पुढं तो प्रोग्राम गाभ्यात सामील झाला, त्याच्या नावासकट. मी आजवर पुष्कळ हुशार लोकांचं काम वाचलं, पण इतका जीव ओतून लिहिलेलं फार थोडं वाचलं.

तोच माणूस माझ्याशी बोलेनासा झाला, आणि मी त्याच्याशी. दोष कोणाचा ते आता चिवडत बसत नाही. आमचं कधी भांडणही झालं नाही, झालं असतं तर बरं झालं असतं. दोघंही दिवसभर पडद्याकडे बघणारी, संध्याकाळी एकमेकांकडे बघायचं राहून गेलं. त्यानं हा धंदा सोडला, गाव सोडलं, नवा संसार चांगला चालला आहे असं ऐकते, आणि खरं सांगते, मला त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते तुमच्याकडे यायचं थांबलं याचं. नवरा सुटला की सासू कोण लागते, हे मला कोणी सांगितलं नाही. तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन परत गेले आहे मी, दारात उभं राहून कोण आलंय म्हणून सांगावं ते सुचेना. वन्सं मात्र मेल पाठवत राहिल्या, माझ्या वाढदिवसाला तुमच्या आवाजातले चार शब्द पाठवत राहिल्या. तुम्ही अजून मला टाचणीच म्हणता, हे त्यातून कळलं. अंगानं बारीक म्हणून ते नाव ठेवलंत की टोचून बोलते म्हणून, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

आता कामातलीच एक गोष्ट, पण ती तुमच्या घरातलीही आहे. गाभ्यातल्या प्रत्येक प्रोग्रामला एक वाली लागतो, कोणी काही विचारलं तर उत्तर देणारा. वाली उरला नाही की त्याच्यापुढे 'अनाथ' असं लिहितात, आणि अनाथाला फार दिवस कोणी घरात ठेवत नाही. मध्यंतरी आमच्या साहेबांनी अशा अनाथांचा हिशेब काढला. माणूस वाईट नाही, पण जुनी वस्तू दिसली की त्यांचा हात झाडूकडे जातो. त्यात पट्टीचा प्रोग्राम निघाला. तुमच्या चिरंजीवांना पाठवलेली मेल परत आली, तो पत्ताच बंद. साहेबांनी सगळ्या जगाला विचारलं, हे यंत्र कोणी वापरतं का? कोणी हूं की चूं केलं नाही. मी बोलणार होते. एक बाई वापरतात, त्या माझ्या... इथंच माझं गाडं अडलं. शिवाय नुसतं बोलून भागत नाही. ज्याच्याकडे यंत्र आहे त्यानं स्वतः तपासून सांगावं लागतं. मग तो प्रोग्राम काढून टाकायचं ठिगळ करायला माझ्याकडेच आलं. अर्ध्या तासाचं काम, नुसतं पुसायचंच तर आहे. ते पाठवलं असतं तर काही दिवसांनी तुमचं मशीन पुन्हा ताजं केलं की पट्टी कायमची मुकी झाली असती. मी ते आज नको, उद्या बघू, करत पुढं ढकलत होते. इतकी दमले होते की एखादे दिवशी पाठवूनही दिलं असतं, आणि मग स्वतःलाच म्हणाले असते, त्या तरी आता कुठं वाचत असतील.

अशात वन्संची ती मेल आली, पट्टी कपाटात गेल्याची. तिच्या खाली, वन्संच्या स्वभावाला धरून, एक गंमत लिहिली होती. पट्टी ठेवून दिलीत त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही म्हणे त्या कादंबरीवर भडकला होतात. तिच्यात कोणीतरी घर सोडून जातं, पण तो गेला की ती गेली याचा पत्ता लागत नाही. हा कसला लेखक, म्हणालात, नुसतं 'गेल' लिहून मोकळा होतो, क्रियापद पुरं करायला ह्याच्या बापाचं काय जात होतं? वन्सं हसल्या. मग जरा वेळानं तुमचा आवाज उतरला आणि तुम्ही म्हणालात, नाही गं, त्याचं बरोबरच असेल, माझंच बोट गेलंय. मीही आधी हसले. मग हसू थांबलं. मी समोरच्या कागदावर 'गेल' लिहिलं आणि बघत बसले. पुढं काना नाही, वेलांटी नाही, आणि ब्रेलमध्ये त्यांना स्वतःचं वेगळं घर लागतं. उठले, भिंतीपाशी गेले, पाइपांकडे बघितलं, परत आले. त्या दिवशी जेवायचं राहिलं आणि दमल्याचंही लक्षात आलं नाही. त्यानंतर मी काय करत होते ते वन्संना ठाऊक आहे. परवा मशीनमध्ये धूळ गेली म्हणून त्यांनी तुम्हाला खोलीबाहेर बसवून ठेवलं होतं ना, ती धूळबिळ काही नव्हती. फोनवर मी होते, आणि वन्सं मी सांगेन ती कळ दाबत होत्या, अधूनमधून न सांगितलेलीही.

वन्सं, आता थांबा. कपाटातून पट्टी काढा, तार जोडा, आईंच्या पुढ्यात ठेवा. पत्राचा उरलेला भाग मशीनवर आहे, तो सुरू करून द्या आणि खोलीबाहेर जा. दाराआड उभं राहायचं नाही. आई, रागावू नका. पुढचं मी वन्संच्या तोंडून सांगितलं असतं तर, आली ही पण दिलासा द्यायला, असं म्हणून तुम्ही उठून गेला असतात. तुमचं म्हणणं, बोटाला लागत नाही. असेल. माझ्यासाठी एकदाच लावून बघा, हातच्या काकणाला आरसा कशाला? नाहीच लागलं तर पट्टी परत कपाटात जाऊ दे, मी पुन्हा तो विषय काढणार नाही.

आई, आता आपण दोघीच. हा भाग मी ओळ न ओळ मोजून कापला आहे, प्रत्येक ओळीनं चाळीसच्या चाळीस घरं भरतील असा. शेवटचं घर कुठंच रिकामं नाही. घाई करू नका, टोकापर्यंत जा. चाळिसाव्या घरात ठिपके लागताहेत ना? कुठं काना, कुठं वेलांटी, वेगवेगळं कळतंय ना? मग आता ऐका. वन्संनी नवं मशीन आणलं त्यात नवा गाभा होता. कुठल्याशा विद्यार्थ्यानं, अगदी भल्या मनानं, पट्टीच्या प्रोग्राममधली जुनी आज्ञा काढून तिथं सुरक्षित आज्ञा घातली होती. त्याच्याकडे पट्टी नव्हती, तपासणार कशावर? पण पट्टीवर माळ नसते, खण असतात. तुमच्या मुलानं चाळीसही खण अक्षरांना दिले होते, विचार करून दिले होते. नव्या आज्ञेनं शेवटचा खण गाठीसाठी अडवला, आणि ओळ काठोकाठ भरली की शेवटचं अक्षर गिळलं. ओळ आखूड असली की काही बिघडायचं नाही, म्हणून कधी लागायचं आणि कधी नाही. तपासणीची कळ दाबली की पट्टी गाभ्याला न विचारता आपले ठिपके आपणच उचलते, म्हणून वन्संना दोष सापडला नाही. मी ते दुरुस्त केलं आहे, आणि ही माळ नाही, इथं गाठ मारू नये, असं तिथं लिहून ठेवलं आहे. काढून टाकायचं ठिगळ मी पाठवणार नाही. वाली म्हणून माझं नाव घातलं आहे. दुरुस्तीखाली आणखी एक नाव लागतं, जिनं ती यंत्रावर लावून खरी ठरवली तिचं. तिथं तुमचं घालायचं आहे, तुम्ही हो म्हणालात तर. या बाई तुमच्या कोण, असं कोणी विचारलं तर सासू आहेत म्हणून सांगेन. साखरेच्या गोळ्या मात्र चुकवू नका, ती खरीच वाढली आहे. पण तुमच्या बोटांना काहीही झालेलं नाही, एवढं तुम्हाला कळावं, आणि माझ्याकडून नाही तर तुमच्या बोटाकडूनच कळावं, म्हणून हे एवढं पत्र लिहिलं. ओळ संपल्याची खूण आमच्या लोकांनी चुकून तुमच्या घरात ठेवली, आई, आणि तुम्ही तो आपला शेवट समजून बसलात.

तुमचीच,
टाचणी